फोटोत उगवलेला दुसरा सूर्य

चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड करत गडचिरोलीला निघालं, की गडचिरोली यायच्या थोडं आधी वैनगंगा आडवी येते. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. म्हणून गडचिरोलीच्या काठावर संध्याकाळी उभं राहिलं की एक गंमत होते. आपण असतो गडचिरोलीत आणि सूर्य मावळतो चंद्रपूर जिल्ह्यात!

संक्रांतीच्या सुट्टीत माझी भाची, तिचा धाकटा भाऊ आणि मी असे तिघं त्या काठावर बसलो होतो. वाळू गार पडायला लागली होती. कागदाच्या पुडीत गरम भजे होते. भाचीने आईचा फोन काढला आणि मावळत्या सूर्याचे धडाधड दहा-बारा फोटो काढले. मग ते उघडून पाहता पाहता एकदम ओरडली, "मामाजी, हे पाहा तं! दोन सूर्य आले!"

मी पाहिलं. पहिल्या फोटोत वर डाव्या कोपऱ्याकडे पांढराशुभ्र सूर्य होता आणि खाली उजवीकडे, नदीच्या पाण्यावर, हरभऱ्याएवढा हिरवा गोल ठिपका. दुसऱ्या फोटोत सूर्यातून एक उभा जळता खांब निघाला होता, फोटोच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत आरपार. तिसऱ्या फोटोत ठिपका नव्हता, खांबही नव्हता. पण डोळ्याला परातीएवढा वाटलेला सूर्य तिथे जेमतेम टिकलीएवढा झाला होता.

"फोन बिघडला," भाचा म्हणाला.

"नाही, आकाशातच काहीतरी आहे," भाची म्हणाली.

मी म्हटलं, भांडू नका, तपासून पाहू. फोटोत दिसणारी विचित्र गोष्ट तीन जागांपैकी कुठेतरी जन्माला येते. एक तर खरोखर वर आकाशात, नाहीतर फोनच्या काचेत, नाहीतर आपल्या डोक्यात. कुठे, ते शोधून काढता येतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन हात, एक फोन आणि एखादा मित्र एवढं पुरतं.

मात्र सुरुवातीलाच एक नियम पाठ करा. सूर्याकडे टक लावून पाहायचं नाही, आणि दुर्बिणीतून किंवा मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगातून तर कधीच नाही. भिंगाने सुकलेलं पान जळतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. डोळ्याचा पडदा त्या पानापेक्षा कितीतरी नाजूक असतो. जे पाहायचं ते फोनच्या पडद्यावर पाहा.

हिरवा ठिपका कुठून आला?

भाचीला म्हटलं, "फोन हळूच उजवीकडे सरकव, आणि ठिपक्यावर लक्ष ठेव." तिने फोन उजवीकडे फिरवला. पडद्यावर सूर्य डावीकडे सरकला आणि ठिपका उजवीकडे पळाला! फोन वर केला तर सूर्य खाली आणि ठिपका वर. सूर्य बरोबर मधोमध आणला, तर ठिपका त्याच्या पोटात शिरून गडप झाला.

आता दुसरी परीक्षा. मी फोनच्या पुढे हात धरून पडद्यावरचा सूर्य तेवढा झाकला. हिरवा ठिपका त्याच क्षणी नाहीसा झाला. वास्तविक माझा हात ठिपक्याच्या जवळपासही नव्हता. ठिपका खरंच नदीवर असता, तर सूर्य झाकल्याने तो कशाला जाईल?

म्हणजे हा दुसरा सूर्य काचेतला. फोनच्या त्या इवल्याशा कॅमेऱ्यात एकच भिंग नसतं. पाच-सहा-सात भिंगांची चवड असते, एकावर एक. उजेड त्यांतून आत जातो आणि शेवटी सेन्सर नावाच्या चिपवर पडतो. पण काच किंवा प्लॅस्टिक सगळाच उजेड पुढे जाऊ देत नाही, थोडासा परत पाठवतं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. रात्री खिडकीच्या काचेत घरातल्या बल्बचं प्रतिबिंब तिरकं उभं राहून पाहा. नीट पाहिलं तर एकाला लागून एक अशी दोन प्रतिबिंबं दिसतील, एक काचेच्या पुढच्या बाजूचं आणि एक मागच्या.

फोनच्या भिंगावर हे परतणं कमी करायला अतिशय पातळ लेप दिलेला असतो. तरी थोडा उजेड उरतोच, आणि त्या लेपामुळे तो पुष्कळदा हिरवट किंवा जांभळट दिसतो. हा चुकार उजेड आत एकदा मागे, एकदा पुढे असा उड्या मारतो आणि शेवटी सेन्सरवर भलतीकडेच जाऊन पडतो, बहुतेक वेळा उलटा होऊन. म्हणूनच सूर्य, फोटोचा मध्य आणि ठिपका एका सरळ रेषेत येतात. तुमच्याकडे असा फोटो असेल तर त्यावर पट्टी ठेवून पाहा.

आता या ठिपक्याची खरी मजा ऐका. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. आपल्याकडे त्या दिवशी सूर्य ग्रहण लागलेला असतानाच मावळला. अशा वेळी साध्या फोनने फोटो काढला, तर सूर्य म्हणून नुसता पांढरा गोळा येतो. कुठे काही कुरतडल्याची खूण दिसत नाही, कारण इतका उजेड सेन्सरला झेपत नाही. पण तो हिरवा ठिपका मोठा करून पाहिला, तर त्याचा एक तुकडा चावून खाल्ल्यासारखा दिसतो! ठिपक्यात पोचलेला उजेड फारच थोडा, शंभरातला एखादा भाग आणि त्याच्याही शंभरातला एखादा. तेवढा सेन्सरला नीट सोसतो, म्हणून सूर्याचा आकार त्यात शाबूत राहतो. ज्याला आपण खोटा म्हटलं, त्यानेच खरी साक्ष दिली.

भज्यांनी केलेला खांब

दुसऱ्या फोटोतल्या जळत्या खांबाचं काय? भाचीला फोन तिरका धरायला सांगितला. खांबही फोनबरोबर तिरका झाला. झाडं होती तशीच, पाणी होतं तसंच, खांब मात्र कलला. म्हणजे हाही काचेतलाच.

"भजे खाल्ल्यावर भिंग कशाने पुसलंस?" मी विचारलं. तिने अंगठा दाखवला. अंगठा तेलाने चमकत होता.

अंगठ्याने भिंग आडवं पुसलं, की तेलाच्या बारीक बारीक आडव्या रेघा भिंगावर राहतात, शेतातल्या तासांसारख्या एकमेकींना समांतर. उजेड अशा रेघांवर पडला की त्यांच्याशी काटकोनात पसरतो. म्हणजे रेघा आडव्या असतील तर उजेडाचा पट्टा उभा. आम्ही लगेच करून पाहिलं. अंगठा वरून खाली फिरवला, तर खांब निजला आणि सूर्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना आडवी पट्टी आली. मग भिंगावर तोंडाने वाफ सोडून ते सुती रुमालाने स्वच्छ पुसलं. खांब गेला, पट्टीही गेली. हा प्रयोग तुम्ही रात्री रस्त्यावरच्या दिव्यावर करू शकता. एसटीच्या पुढच्या काचेवर वायपर फिरून गेला की समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांना अशाच लांब शेपट्या फुटतात, त्यामागचं कारण हेच.

पण गुढीपाडव्याला जे दिसलं, ते?

भाचा म्हणाला, "म्हणजे मामाजी, फोटोतलं सगळं विचित्र काचेतलंच असते न?"

नाही रे बाबा! आणि याचा पुरावा आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात पडला आहे. खरोखरच वरून पडला आहे.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. दिवस मावळून अंधार झाला होता. तेवढ्यात आकाशातून पेटत्या ठिणग्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. लोकांनी फोन काढून तिचे व्हिडिओ घेतले. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं सापडलं, जवळपास तीन मीटर व्यासाचं. चीनच्या चांग झेंग ३बी या रॉकेटचा एक टप्पा अवकाशातून परत येताना वातावरणात शिरला आणि तापून त्याचे तुकडे झाले, असं अभ्यासकांनी त्याच्या मार्गावरून ताडलं.

आता सांगा, ही रांग काचेतली नाही, हे कडं सापडायच्या आधीच कसं ओळखता आलं असतं? सोपं आहे. ती एकाच फोनमध्ये नव्हती. विदर्भातल्या, खानदेशातल्या, मध्य प्रदेशातल्या कितीतरी अनोळखी माणसांनी आपापल्या अंगणातून तीच रांग पाहिली, आणि पुष्कळांनी तर फोन न लावता, नुसत्या डोळ्यांनी. भाचीचा हिरवा ठिपका मात्र तिच्या शेजारी बसलेल्या भावालाही दिसत नव्हता. म्हणून ही तिसरी परीक्षा: दुसऱ्याला विचारा. काचेतली गोष्ट त्या एका फोनपुरती असते. आकाशातली गोष्ट सगळ्यांची असते.

उन्हाळ्यातला बर्फ

आकाशातल्या खऱ्या नवलांपैकी एक तुम्हाला स्वतःला शोधता येईल. पिसांसारखे पातळ पांढरे ढग आले असतील आणि सूर्य खाली उतरला असेल, अशी वेळ धरा. सूर्य झाडाच्या बुंध्याआड किंवा घराच्या कोपऱ्याआड लपवा. हात पूर्ण लांब करा, पंजा फाकवा. अंगठ्याचं टोक सूर्याच्या जागी ठेवलं की करंगळीचं टोक जिथे पोचतं, साधारण तिथे, सूर्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे, नशीब असेल तर एक रंगीत चमकता डाग दिसेल. आतल्या बाजूला लाल, बाहेर पांढुरका. कधी कधी दोन्हीकडे एकेक असतो. मग खरोखरच तीन सूर्य असल्यासारखे वाटतात.

हे अंतर सुमारे २२ अंशांचं, म्हणजे लांब केलेल्या हाताची एक वीत. त्या पातळ ढगांत बर्फाचे षटकोनी कण असतात, आणि त्यांतून जाताना सर्वांत जास्त उजेड याच कोनात वळून आपल्याकडे येतो. चंद्राला खळं पडतं ना, तेही याच कणांचं आणि एवढ्याच अंतरावर.

बर्फ? आणि चंद्रपुरात? मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे? होय! आपण खाली घामाने निथळत असतो, तेव्हा डोक्यावर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पारा उणे ३०-४० अंशांपर्यंत उतरलेला असतो. उन्हाळ्यातही चंद्रपूरच्या माथ्यावर बर्फ तरंगत असू शकतो.

वाटीतलं नाणं आणि मावळलेला सूर्य

आमच्या शेवटच्या फोटोत सूर्य क्षितिजाला टेकला होता आणि तो गोल नव्हता. खालून दाबलेल्या लाडवासारखा चपटा झाला होता. सगळ्या परीक्षा घेतल्या. हात धरला, फोन हलवला, दुसऱ्या फोनने फोटो काढला. चपटेपणा काही जाईना. याचा अर्थ तो काचेतला नव्हता, हवेतला होता.

घरी गेल्यावर एक नाणं वाटीत ठेवा. हळूहळू मागे सरका, वाटीच्या काठाआड नाणं दिसेनासं होईपर्यंत. तिथेच थांबा. आता कुणाला तरी वाटीत अलगद पाणी ओतायला सांगा. नाणं वर येऊन दिसायला लागेल! नाणं जागचं हललेलं नाही. त्याच्याकडून येणारा उजेड पाण्यातून हवेत येताना वळला. यालाच आपण शाळेत प्रकाशाचं अपवर्तन म्हणतो.

पृथ्वीभोवतीची हवा त्या पाण्यासारखंच काम करते. सूर्याचा उजेड तिच्यात शिरताना किंचित वळतो. क्षितिजाजवळ हे वळणं सुमारे अर्ध्या अंशाचं असतं. सूर्याची रुंदीही जवळपास अर्धा अंशच. आता हिशेब करा. सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा खरा सूर्य संपूर्णपणे क्षितिजाखाली गेलेला असतो. आपण फोटो काढत असतो तो मावळून गेलेल्या सूर्याचा!

शिवाय सूर्याची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, कारण तिचा उजेड हवेच्या जास्त दाट थरांतून येतो. खालून जास्त उचललं, वरून कमी. मग सूर्य चपटाच होणार.

आणि तांबडा का? माथ्यावरच्या सूर्याच्या तुलनेत क्षितिजावरच्या सूर्याच्या उजेडाला जवळपास ३८ पट हवा ओलांडावी लागते. हवेचे रेणू निळा उजेड तांबड्यापेक्षा पाच-सहा पट जास्त इकडेतिकडे विखुरतात. एवढ्या लांबच्या वाटेत निळा गळून जातो आणि तांबडा-नारिंगी आपल्यापर्यंत पोचतो. हवेत धूर आणि धूळ असेल तर आणखी वेगळं होतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायच्या दिवसांत जंगलात पालापाचोळा पेटतो, तेव्हा सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच मळकट तांबड्या चकतीसारखा होऊन हवेतच विरून जातो. असा सूर्य सुंदर दिसतो, पण तो आपल्याला हवेची खबर देत असतो. आज जंगलात काय जळतंय, आपल्या श्वासात काय जातंय, ते त्या फोटोत उतरलेलं असतं.

परात आणि टिकली

राहिला तिसरा फोटो. डोळ्याला एवढा मोठा दिसलेला सूर्य फोटोत टिकलीएवढा का?

यात फोनची काहीच चूक नाही. कॅमेऱ्यात उमटणारा सूर्य भिंगाच्या नाभीय अंतराच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा असतो. फोनच्या मुख्य भिंगाचं हे अंतर साधारण पाच मिलिमीटर, म्हणजे सेन्सरवर सूर्य उमटतो ०.०५ मिलिमीटरचा, तुमच्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढा! ताडोबाच्या जंगलातल्या फोटोंत सुकलेल्या झाडामागे जो अवाढव्य सूर्य असतो, तो हातभर लांब भिंगाने, पुष्कळ दुरून टिपलेला असतो. ५०० मिलिमीटरच्या भिंगात सूर्य जवळपास पाच मिलिमीटरचा उमटतो. झाड दूर असल्याने लहान होतं, सूर्य तेवढाच राहतो, आणि दोघांची जोडी जमते.

मग आपल्याला तो परातीएवढा का वाटला? ही गोष्ट डोक्यातली. क्षितिजाजवळच्या सूर्य-चंद्राला आपला मेंदू मोठा मानतो. का मानतो, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. पण परीक्षा सोपी आहे, आणि ती चंद्रावर घ्या, म्हणजे डोळ्यांना धोका नाही. पौर्णिमेचा चंद्र उगवताना हात लांब करून तो करंगळीच्या नखाआड झाका. मध्यरात्री चंद्र माथ्यावर आला की पुन्हा झाका. दोन्ही वेळा नख पुरून उरतं.

प्रत्येकाची सोन्याची वाट

सूर्य टेकला तेव्हा वैनगंगेवर त्याच्यापासून आमच्यापर्यंत सोन्याची एक लांब वाट पडली होती. भाची म्हणाली, "ही माझ्याच पायांशी येते." पंधरा पावलं पलीकडून भाचा ओरडला, "खोटं! ती माझ्याकडे येते!" दोघांनी फोटो काढले आणि शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोघंही खरे होते. पाण्यावरची प्रत्येक लाट हा एक छोटा आरसा. त्यातले बरोबर कललेले आरसे तेवढे तुमच्या डोळ्यात सूर्य पाठवतात, आणि माझ्या डोळ्यात पाठवणारे आरसे निराळे. काठावर हजार माणसं उभी राहिली, तर हजार वाटा पडतात. दुसऱ्याची वाट दिसत नाही म्हणून ती नाही, असं मात्र म्हणू नये.

अडीच मिनिटांत सूर्य पुरता बुडाला. भाचीने फोन खिशात टाकला. मी म्हटलं, "थांब. आता पाठ फिरव."

आम्ही तिघंही पूर्वेकडे वळलो, गडचिरोलीच्या जंगलाकडे. झाडांच्या शेंड्यांवर एक राखी-निळा पट्टा हळूहळू वर चढत होता, आणि त्याच्या वर फिकट गुलाबी पट्टा. ढग नव्हता, धूरही नव्हता.

"हे काय आहे, मामाजी?" भाच्याने हळू आवाजात विचारलं.

"तूच तपास."

त्याने हात धरून पाहिला. मान तिरकी करून पाहिली. मग बहिणीला विचारलं, तुला दिसतं का? तिला दिसत होतं. पलीकडे म्हशी घेऊन घरी निघालेल्या आजोबांना विचारलं, "आबाजी, तुम्हाले तिकडं निळा पट्टा दिसते का जी?" त्यांनाही दिसत होता.

"मग आकाशातलाच," भाचा म्हणाला.

आकाशातलाच. ती पृथ्वीची सावली होती. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत, ती आपल्या मागच्या हवेवर सावली टाकते आणि सूर्य खाली जाईल तशी ती सावली वर चढते. आकाश स्वच्छ असेल तर हे दृश्य दहा-पंधरा मिनिटं टिकतं. मग सावली सगळ्या आकाशभर होते, आणि तिलाच आपण रात्र म्हणतो.

भाचीने फोन पुन्हा बाहेर काढला. या वेळी आधी भिंग नीट पुसलं, रुमालाने.